वीतभर जास्त

“उंची किती धरू?” मीटरपट्टी हातात घेऊन बिलकिसभाभींनी विचारलं.

मी पर्समधून सुतळी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. दोन्ही टोकांना मी गाठी मारून आणल्या होत्या.

“हे काय?”

“माप.”

भाभींनी सुतळी पट्टीला लावून बघितली. पुन्हा एकदा लावली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “नंदाताई, तुमचे भन्ते जमिनीवर उभं राहून नेसणार की स्टुलावर?”

“असू द्या हो. धुतल्यावर आटतं कापड.”

“माझ्या दुकानातलं आटत नाही. आणि आटलं तरी वीतभर?”

भाभींनी पुढं विचारलं नाही. विटकरी रंगाचा तागा त्यांनी टेबलावर उलगडला आणि सुतळीच्या मापानं कापड फाडून दिलं. आमच्या बिल्डिंगच्या खालीच त्यांचं फॉल-अस्तराचं दुकान आहे. मी वरच्या मजल्यावर ब्लाउज शिवते. इतक्या वर्षांत मी चुकीचं माप घेऊन आलेय असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हे माप चुकीचं नाही एवढं त्यांना कळलं असणार.

सुतळीचं माप मी स्वयंपाकघराच्या दारावरून घेतलं होतं. खडकीची क्वार्टर सोडून आम्ही विश्रांतवाडीत या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा योगेश बारावीला होता आणि त्याची उंची थांबायचं नाव घेत नव्हती. स्वयंपाकघराची चौकट मात्र बुटकी. पाणी प्यायला आला की कपाळ ठक्कन लागायचं. “आई, बिल्डर बुटका होता का गं?” असं कपाळ चोळत विचारायचा. ह्यांनी चौकटीला स्पंजचा तुकडा चिकटवून दिला होता. हे गेले, स्पंज कधीतरी गळून पडला, त्याच्या गोंदाचा पिवळा डाग तेवढा राहिलाय. त्या डागापासून फरशीपर्यंत मी सुतळी सोडली आणि चार बोटं वाढवली. कपाळापासून डोक्यापर्यंतची.

चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, खांद्यापासून घोट्यापर्यंत असतं. डोक्यापर्यंतचं माप चीवराला लागत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही.

योगेश खराडीला एका कंपनीत होता. लॅपटॉप, पाठीवरची बॅग, शनिवारी उशिरापर्यंत झोप, सगळं इतरांसारखंच. एका वर्षी त्यानं श्रामणेर शिबिर केलं. काही दिवसांचं असतं ते. मुंडण करून चीवर घालतात, शिबिर संपलं की मुलं आपापल्या कामाला लागतात. त्याचेही केस पुन्हा वाढले, कामावर जायला लागला. फक्त जेवताना बोलायचा थांबला. मग एका रविवारी मी मेथी निवडत बसले होते, तर समोर येऊन मांडी घालून बसला. कायमचं जायचं म्हणाला.

“तुझी परवानगी लागते. तसा नियमच आहे. तू नाही म्हणालीस तर कुणी मला घेणार नाही.”

मी रोज पहाटे उठून वंदना घेणारी बाई. पौर्णिमेला अष्टशील पाळते, दुपारनंतर अन्नाला शिवत नाही. आसक्ती हेच दुःखाचं मूळ, हे विहारात बायकांना मी स्वतः समजावून सांगितलेलं. नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं? मी हो म्हटलं. पुढं दीक्षेच्या दिवशी भन्तेंनी सगळ्यांसमोर विचारलं, आईची अनुमती आहे का? मी उभी राहिले आणि हात जोडून ‘आहे’ म्हटलं. आवाज नीट निघाला. मागून बायकांनी ‘साधु, साधु, साधु’ केलं.

त्याचं नाव ठेवलं सुवच. सांगितलेलं जो मऊपणानं ऐकतो तो सुवच. हे ऐकून मला त्या गंभीर वेळीही हसू आलं होतं. अंघोळीला जा म्हणून या मुलाला रोज तीनदा सांगावं लागायचं.

नंतर तो लांब गेला. बोधगयेला होता, मग नागपूरकडे. कधी कुणाच्या फोनवरून खुशाली कळायची. ते दिवस मी काढले. लांब गेलेल्या माणसाची सवय होते. जेवायला एक ताट घ्यायचं, दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची आणायची, गॅलरीत वाळत घातलेले कपडे एकाच हातात मावायचे, हे अंगवळणी पडलं होतं.

यंदा वर्षावासाला तो आमच्याच विहारात आला.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं असतं. आमच्याकडे भन्ते शीलधर येणार हे ठरलं होतं, त्यांच्यासोबत भन्ते सुवच आले. आमच्या घरापासून विहार इतका जवळ की रिक्षावाला यायला तयार होत नाही. पहाटे माइकवर वंदना सुरू झाली की आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी गॅस बारीक करून ऐकायचे. आवाज तोच, पण बोलायची ढब बदललेली. शब्द संपला की तो थांबायचा, जणू पुढचा शब्द म्हणायलाच हवा असं काही नाही. तो थांबला की घरात भांड्यावरचं झाकण उडालेलं ऐकू यायचं. तो लांब होता तेव्हा घर माझं होतं. तो जवळ आला आणि घर रिकामं झालं.

भोजनदानाची माझी पाळी आली तेव्हा मी पाटवड्यांची आमटी केली. त्याला ती इतकी आवडायची की वड्या आमटीत पडायच्या आधीच ताटलीतून गायब व्हायच्या. विहारात भन्ते ओळीनं बसलेले होते, ज्येष्ठ आधी. मी वाढत गेले. भन्ते शीलधरांना वाढलं आणि पुढं सरकले. त्याच्यापाशी आल्यावर माझा डाव आपोआप पातेल्याच्या तळाशी गेला.

“पुरे, उपासिके,” असं म्हणून त्यानं पात्रावर हात आडवा धरला.

उपासिके. हाच शब्द बरोबर आहे. इतक्या बायकांना इतके भन्ते तोच म्हणतात. मी ‘जी भन्ते’ म्हणून मागं झाले.

मागून सरुबाईंनी सोडलं नाही. आमच्या महिला मंडळात त्या सगळ्यांत जुन्या. बोलायला कुणाला घाबरत नाहीत. “नंदे,” त्या हळू म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, “थोरल्या भन्तेंना रस्सा आणि धाकट्यांना वड्या. बरं वाढतेस गं.”

मी बघत राहिले. त्यानं भात, आमटी, खीर, भाजी सगळं एकत्र कालवलं आणि समोर नजर ठेवून शांतपणे खाल्लं. वडी आली काय, गाजर आलं काय. वाईट मला त्याचं वाटलं नाही, वाईट वड्यांचं वाटलं.

जेवणानंतर भन्ते शीलधर बोलले. ते वऱ्हाडातले, म्हातारे, ठेंगणे, आणि बोलताना डोळे मिटून हसणारे. म्हणाले, “तोंड पाहून वाढलं त ते त्या तोंडापुरतंच राह्यते, बाई. संघाले वाढलं म्हणजे कोणाले वाढलं हे विसरून जा लागते.” त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. सरुबाईंनी मात्र माझ्या गुडघ्याला गुडघा लावला.

पण मी त्याच वेळी दुसरं काही बघत होते. सुवचच्या चीवराला डाव्या खांद्यावर ठिगळ होतं. वेगळ्या दोऱ्यानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी लावलेलं. त्यानं स्वतःच लावलं असणार. मी आयुष्यभर लोकांची शिवण केली आणि माझ्या मुलाच्या खांद्यावर असलं ठिगळ.

त्याच रात्री मी ठरवलं की वर्षावास संपताना दान द्यायचं चीवर यंदा विकत आणायचं नाही, मी शिवून देणार. मंडळात सगळ्यांना आनंद झाला. चीवरदानाचा नियम मला माहीत होता. ते कुणा एकाला देता येत नाही. संघाला द्यायचं, आणि ज्या भन्तेंचं चीवर सगळ्यात जीर्ण असेल त्यांना संघ ते देतो. जीर्ण कुणाचं, हे मी खांद्यावर पाहिलं होतंच. तरी मनाला खात्री नव्हती. म्हणून ती सुतळी. सगळ्या भन्तेंमध्ये इतका उंच तोच. दुसऱ्या कुणाला अंगाला बसणारच नाही असं शिवलं, तर संघ तरी काय करेल?

हे मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही असं स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं.

चीवर अखंड कापडाचं नसतं. चांगलं कापड आधी कापायचं, मग त्या पट्ट्या पुन्हा जोडायच्या. भाताच्या खाचरांना बांध असतात तशा उभ्या-आडव्या शिवणी येतात. कापलेल्या कापडाला बाजारात मोल नाही, म्हणून चोर नेत नाही, आणि नेसणाऱ्याचा जीव त्यात अडकत नाही. शिवणारीच्या जिवाचं काय करायचं, ते कुठं सांगितलेलं मला आठवेना.

संध्याकाळी दुकान बंद करून बिलकिसभाभी वर यायच्या. कापड मोठं, मशीनवरून ओघळायचं. त्या पलीकडून धरून बसायच्या. मधेच त्यांचा फोन वाजायचा. त्यांचा उजैर दुबईला असतो. स्क्रीनवर त्याचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसायचं, तरी भाभी त्याला नीट जेव, टोपी घाल, उन्हात जाऊ नको सांगायच्या आणि तो, “अम्मी, बस ना,” म्हणून चिडायचा.

“बघा,” फोन ठेवून त्या म्हणायच्या, “माझा एवढ्या लांब, पण रोज भांडतो. तुमचा हाकेवर, आणि हाक मारायची सोय नाही.”

“हाक मारता येते की. भन्ते म्हणायचं.”

“ती हाक झाली का? ते तर पोस्टाच्या पाकिटावरचं नाव झालं.”

मी टीप मारत राहिले. त्यांनी कड हातात धरून लांबी पुन्हा डोळ्यांनी मोजली.

“एक विचारू? तुमच्या भन्तेंमध्ये इतके उंच एकच आहेत ना?”

मशीन थांबलं.

“हं,” मी म्हटलं.

“मग असं सांगायचं ना. मला वाटलं धर्माचं काही असेल.”

त्या हसल्या नाहीत. कापडाचं टोक त्यांनी सरळ करून माझ्याकडे सरकवलं. मीही पुढची टीप मारली.

चीवरदानाला आजूबाजूच्या विहारांतले भन्ते आले होते. ताटात घडी करून ठेवलेलं चीवर बायकांनी आळीपाळीनं डोक्यावर घेऊन विहाराभोवती मिरवलं. माझी पाळी आली तेव्हा त्याचं वजन मला कळलं. रोज मांडीवर होतं तेव्हा कळलं नव्हतं.

मग आम्ही सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून ते अर्पण केलं. पालीतले शब्द भन्ते सांगतात, आपण मागून म्हणायचे. संघस्स. संघाला. तीनदा म्हणायचं असतं. मी तीनदा म्हटलं. डोळे खाली होते, त्यामुळे समोर ओळीनं पायच दिसत होते, आणि त्यातले दोन पाय मी ओळखत होते. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. ह्यांचंही तसंच होतं.

यानंतर संघानं ठरवायचं असतं. भन्ते ओळीत सरळ बसले आणि ज्यांची पाली स्वच्छ, त्यांनी उभं राहून ते संघापुढं मांडायचं. भन्ते सुवच उभे राहिले.

मला पाली फारशी कळत नाही. तो नेहमीसारखाच, शब्दाशब्दाला थांबत म्हणत होता. मी नाव येण्याची वाट बघत होते. स्वतःचं नाव तो स्वतः कसं घेईल, असाही विचार आला. दुसरं कुणी घेईल, पद्धत असेल तशी. आणि मग त्या सगळ्या न कळणाऱ्या शब्दांत मला एक शब्द कळला. सीलधर.

कुणी काही बोललं नाही. संघात गप्प राहणं म्हणजे होकार.

भन्ते शीलधरांनी अंगावरचं जुनं चीवर काढून बाजूला ठेवलं. दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. पाठीकडचा सगळा भाग चाळणीसारखा झाला होता. ते नेहमी घडी अशी घालायचे की फाटका भाग आत राहायचा. तीन महिने मी त्या माणसाला वाढलं, पाया पडले, त्यांचं बोलणं ऐकलं, आणि एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.

नवं चीवर त्यांनी पांघरलं. ते खांद्यावरून निघालं आणि पायांवरून खाली उतरून फरशीवर पसरलं. त्यांनी एक पाऊल टाकलं, पाय कापडात अडकला, शेजारच्या भन्तेंनी दंडाला धरलं.

“उपासिके,” ते डोळे मिटून हसत म्हणाले, “माह्यं माप घेतलं होतं का विहाराच्या खांबाचं?”

सगळे हसले. सरुबाई सगळ्यात मोठ्यांदा. मीही हसल्यासारखं केलं. भन्ते सुवच हसले नाहीत. त्यांनी फरशीवर पसरलेल्या त्या कडेकडे बघितलं, मग माझ्याकडे. एका क्षणापुरतंच. चौकटीला कपाळ लागल्यावर तो तसाच बघायचा. त्याला कळलं होतं. त्या सगळ्या सभेत त्याला एकट्याला.

दुसऱ्या दिवशी सरुबाईंनी बोलावणं धाडलं. वर्षावास संपला, उद्या दोघं भन्ते चारिकेला, म्हणजे गावोगाव फिरायला, निघणार, तेव्हा कात्री घेऊन ये आणि ते लांबलचक प्रकरण आखूड करून दे.

दुपारी विहारात आम्ही चौघंच होतो. भन्ते शीलधर खिडकीशी जुनंच चीवर पांघरून बसले होते. सरुबाई समया घासत होत्या. मी चीवर फरशीवर पसरलं, खडूनं वीतभर आतून रेघ मारली. पण एवढं लांब कापड एका माणसाला ताणून धरता येत नाही.

“माझ्याकडे बघू नकोस, माझे गुडघे वाकत नाहीत,” सरुबाई म्हणाल्या. “भन्ते, तुम्हीच धरा की टोक.”

भन्ते सुवच कोपऱ्यात झाडू ठेवून आले आणि पलीकडच्या टोकाला बसले. मी अलीकडचं टोक धरलं.

खडकीला आमच्या क्वार्टरपुढं मोठी दोरी होती. वाळलेल्या चादरींची घडी घालायला मी त्याला हाक मारायची. एका टोकाला तो, एका टोकाला मी. ‘ओढ’ म्हटलं की दोघांनी ओढायचं, ‘सोड’ म्हटलं की त्यानं त्याची टोकं माझ्या हातात आणून द्यायची. तो मुद्दाम आधीच सोडायचा. मी मागं खाटेवर पडायचे आणि हे आतून ओरडायचे, काय चाललंय दोघांचं?

कापड मधे सैल पडलं होतं.

“जरा ओढ,” तो म्हणाला.

सरुबाईंचा समई घासणारा हात थांबला. बाहेर आळंदी रोडवरून एक बस गेली. तो खाली कापडाकडे बघत होता.

“ओढा,” तो म्हणाला.

मी ओढलं.

मग कात्री घेऊन गुडघ्यांवर सरकत मी रेघेवरून कापत गेले. टोक पायाखाली दाबून धरलं होतं, ते सरकताना सुटलं तरी रेघ सरळ राहिली. कापत कापत मी त्याच्यापर्यंत पोहोचले. कापड धरलेली त्याची बोटं माझ्या कात्रीपुढं होती. तर्जनीच्या नखात मधोमध उभी खाच आहे; चौथीत असताना माझ्या मशीनची सुई त्या बोटातून गेली होती. इतक्या जवळून ती खाच मी किती वर्षांनी पाहत होते. शेवटचं बोटभर कापड कापताना मी कात्री सावकाश मिटली, त्याच्या हाताला लागू नये म्हणून. बाकी काही नाही.

कड दुमडून हातानं टाके घालायला वेळ लागला. तो तोवर झाडून आला, पाणी भरून आला. टाके झाल्यावर आम्ही दोघांनी घडी घालायला चीवर उचललं. मी माझी टोकं घेऊन त्याच्याकडे गेले आणि त्याच्या टोकांना जुळवली. त्यानं वरून धरली. माझी बोटं आत होती.

“सोडा, उपासिके,” तो म्हणाला. हळूच म्हणाला.

मी सोडलं.

भन्ते शीलधरांनी चीवर पांघरून बघितलं. घोट्याच्या वर, बरोबर बसलं. “आता माणसाचं झालं,” असं म्हणून त्यांनी खिडकीशी एक चक्कर मारून दाखवली.

मी सुया, दोरा, खडू, कात्री गोळा केली. कापलेल्या पट्टीची गुंडाळी मांडीवर होती, तीही पिशवीत गेली. मी ठेवली असं म्हणवत नाही, हातानं ठेवली. पिशवीची चेन अर्धी लागली आणि मला पहाटेचा माझाच आवाज ऐकू आला. दिलेलं नसेल ते घेणार नाही. पंचशील घेताना रोज म्हणते मी. त्या पहाटेही म्हटलं होतं, गॅस बारीक करून.

मी पट्टी बाहेर काढली.

“भन्ते, ही पट्टी मी नेऊ का?”

भन्ते सुवचांनी पाण्याची कळशी उचलली. चिंधीच तर होती. न्या म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?

“ती संघाची आहे,” ते म्हणाले. “थोरल्या भन्तेंना विचारा.”

भन्ते शीलधर माझ्यापुढं येऊन बसले. “काय करता नेऊन?”

पिशवी शिवते, उशीला लावते, काहीही सांगता आलं असतं. पण खोटं बोलणार नाही हेही मी रोजच म्हणते.

“ठेवीन.”

“कायले?”

“नुसतीच ठेवीन, भन्ते.”

त्यांनी डोळे मिटले नाहीत आणि ते हसलेही नाहीत. माझ्याकडे बघितलं, मग पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर गेलेल्या त्याच्या पाठीकडे.

“ठेवाले नाही देता येत, बाई,” ते म्हणाले. “वापराले देता येते. आपल्या दारात पाय पुसाले काई नाही. शिवता काय?”

“चीवराचं पायपुसणं?” सरुबाई दचकल्या.

“मंग? चीवर जुनं झालं का त्याचं अंथरूण, अंथरूण जुनं झालं का पायपुसणं, तेही फाटलं का मातीत कालवून भिंतीले. भगवंताच्या काळापासून असंच हाये. हे थोडं लवकर झालं, एवढंच.”

मी तिथंच बसून पट्टी घडीवर घडी घालून शिवली. गोधडीसारखे उभे टाके घातले, घट्ट, टिकतील असे. सरुबाईंनी समया पुन्हा एकदा घासल्या. त्यांना घरी जायला उशीर होत होता, पण त्या बसून राहिल्या.

सकाळी भन्ते निघाले तेव्हा खूप लोक आले होते. फुलं होती, फोटो झाले. माझी पाळी आल्यावर मी वाकून “वंदामि भन्ते” म्हटलं. “सुखी व्हा,” भन्ते सुवच म्हणाले. माझ्या आधीच्या बाईला म्हणाले होते तसंच, माझ्या नंतरच्या माणसाला म्हणाले तसंच. मग दोघं रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. ठेंगण्या भन्तेंचं नवं चीवर आणि मागं उंच भन्तेंच्या खांद्यावरचं ठिगळ. चौकातल्या गर्दीत ठेंगणे आधी दिसेनासे झाले. उंच बराच वेळ दिसत होता.

घरी आल्यावर बिलकिसभाभी चहा घेऊन वर आल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला सुतळी लटकत होती. त्यांनी ती बघितली.

“ही टाकू का?”

“राहू द्या,” मी म्हटलं. “ती मी कुणाला दिलेली नाही.”

त्यांनी मान हलवली आणि चहा गाळला. दोन कप.

पुढच्या पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून विहारात गेले. पायरीपाशी ते पायपुसणं होतं. महिनाभर सगळ्या वस्तीनं पाय पुसून त्याचा विटकरी रंग मातीत मिसळला होता. माझे उभे टाके तेवढे दिसत होते. चपला काढून मी बाजूनं पाऊल टाकायला गेले.

“अगं, पाय पूस की,” आतून सरुबाई ओरडल्या. “शिवायचं तू आणि पुसायचे आम्हीच का?”

मी मागं आले. आधी उजवा पाय पुसला, मग डावा. कापड अजून मऊ होतं. मग आत जाऊन बायकांच्या ओळीत बसले आणि वंदनेला हात जोडले.